पालथ्या पातेल्याखालचा चष्मा

पुण्याहून नांदेडची गाडी सुटली तेव्हा माझ्याजवळ दोन चष्मे होते. एक बॅगेच्या खणात, जुना, तपकिरी, काड्या ढिल्या झालेला. दुसरा डोळ्यांवर. हा दुसरा कंपनीनं दिलेला. चाकणच्या ज्या कारखान्यात मी गुणवत्ता विभागात आहे, तिथं वर्षातून एकदा एका माणसाला सगळ्यांसमोर उभं करून बक्षीस देतात. यंदा तो माणूस मी होतो. चष्म्याच्या एका कोपऱ्यात मसुराच्या डाळीएवढा कॅमेरा आहे, दुसऱ्या कोपऱ्यात बारीक पांढरा दिवा. काडीवरचं बटण दाबलं की दिवा लागतो आणि तुम्ही जे पाहाल ते फोनमध्ये उतरतं. मी त्यात माझ्या नंबरच्या पातळ काचा बसवून घेतल्या. उणे सहा.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी., पहिल्या वर्गात. हे मी कुणी न विचारता सांगतो, कारण ते सांगायला घरात आता दुसरं कुणी नाही. आई-वडील दोघंही गेले. बक्षीस मिळालं त्या दिवशी कुणाला फोन करावा म्हणून यादी वरखाली केली आणि फोन खिशात ठेवला. तेव्हा ठरवलं की हा चष्मा घालूनच गावाकडं जायचं. निदान मामाला तरी दाखवता येईल.

खरं कारण वेगळं होतं. मामानं लातूरला एक स्थळ काढलं होतं. मुलगी नर्स, घर चांगलं, माणसं साधी. फोटो तेवढा आलेला नव्हता, प्रत्यक्षच पाहायचं होतं. याआधीची स्थळं जमली नव्हती. खोलीवर एकटं राहून मला मोठ्यानं बोलायची सवय लागली आहे. कुकरची शिट्टी झाली की मी म्हणतो, "झालं बघ." हे स्थळ जमावं असं मला फार वाटत होतं. मुलगी पाहायला जाताना जुना चष्मा घालायचा, एवढी अक्कल मला होती.

समोरच्या बाकावर परभणीकडचं एक जोडपं होतं, बाईंच्या मांडीवर लहान मुलगी. एरवी मराठवाड्याकडं जाणाऱ्या गाडीत दौंड यायच्या आत समोरच्याची सगळी चौकशी होते. गाव कोणतं, तालुका कोणता, आणि मग जरा थांबून, आडनाव काय. त्या शेवटच्या प्रश्नाचा मला लहानपणापासून राग आहे. आडनाव ऐकलं की समोरचा "हां हां" म्हणतो, आणि त्या "हां हां" मध्ये काय असतं ते आमच्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. मी आडनाव मुद्दाम मोठ्यानं सांगतो. या खेपेला कुणी गावसुद्धा विचारलं नाही. बाई बराच वेळ माझ्या चष्म्याचा कोपरा निरखत होत्या. मग नवऱ्याच्या कानाशी लागल्या.

"ह्याच्यात क्यामेरा हाय का?" नवऱ्यानं विचारलं.

"आहे. पण बंद आहे."

"बंद हाय हे आमाला कसं कळावं?"

"चालू असला की इथं दिवा लागतो."

"अन् दिव्यावर चिकटपट्टी लावली मंजी?"

कारखान्यात हेच असले प्रश्न मी दुसऱ्यांना विचारतो आणि त्याचाच पगार घेतो. बाईंनी मुलीचं तोंड खांद्याकडं वळवलं आणि वरून पदर घेतला. पोरगी अधूनमधून पदराच्या फटीतून माझ्याकडं पाहून घेई. मी हसलो की फट बंद होई.

परभणीला त्यांना उतरायचं होतं. मी बॅग बाकाखाली सरकवली होती. घाईघाईत त्या गृहस्थांनी आपली पत्र्याची पेटी ओढली, ती अडकली, म्हणून त्यांनी पायानं रेटली. माझ्या बॅगेतून कुडकन आवाज आला. खण उघडून पाहिलं तर जुन्या चष्म्याच्या काचांचा चुरा.

"अरारा," ते म्हणाले. खरंच वाईट वाटलं त्यांना. मग माझ्या तोंडाकडं पाहून म्हणाले, "पण दुसरा हाय की तुमच्याकडं."

नांदेड स्टेशनवर मामा उभा होता. मामा वायरमन म्हणून निवृत्त झाला, पण अजून चालताना मान वर, तारांकडं. "जयभीम मामा," म्हणून पाया पडलो. त्यानं मला उठवलं आणि तोंड जवळ आणून चष्मा पाहिला.

"हे काय लावून राहिलास डोळ्याला?"

मी सांगितलं. कारखान्यात एकालाच मिळतो, हेही सांगितलं. मामानं माझी पाठ थोपटली, आणि घरी पोचेपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक दारात सांगत गेला, "भाच्याच्या चष्म्यात क्यामेरा हाय. सरकारला बी न्हाई भेटत असला." त्याचा परिणाम असा झाला की संध्याकाळी मामाच्या ओट्यावर कुणीच बसायला आलं नाही. मामीनं बाहेर चटई टाकली, पाण्याचा तांब्या ठेवला. समोरची म्हातारी रोज इथंच येऊन पाय चोळत बसते म्हणे. त्या दिवशी ती आपल्याच दारात बसली, तीही पाठमोरी.

"मी आलो म्हणून का?" मी विचारलं.

"न्हाई रे," मामी म्हणाली. "थंडी पडली." नोव्हेंबर चालू होता आणि मला घाम येत होता.

चष्म्याच्या दुकानात जाऊन आलो. दुकानदारानं नंबर ऐकून मान हलवली. उणे सहाची काच ठेवत नाहीत, मागवावी लागते, पुढच्या आठवड्यात मिळेल. मुलगी पाहायला जायचं होतं परवा. मी दोन-तीन फ्रेमा हाताळल्या तसा तो गल्ल्यामागून म्हणाला, "साहेब, तुमी आल्यापासून माझं दुकान कुणाला दाखवून राहिले का?"

रस्त्यात मामानं हलक्या आवाजात सांगितलं, "मिलिंद, हे बघ. तिथं नंबर कितीचा ते काढायचं न्हाई. मागलं स्थळ त्याच्यावरूनच मोडलं."

हे खरं होतं. तेव्हा मुलीकडचे म्हणाले होते, पोराला दिसत नाही, पोरंही तशीच निघतील. माझ्या पहिल्या वर्गाचा त्यांनी विषयच काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा शेजाऱ्याचं वायरिंग बघायला गेला आणि मी गोदावरीवर गेलो. पाणी संथ, राखाडी, पलीकडच्या काठावर धुकं. नदीसमोर उभं राहिलं की माणूस एकटा असला तरी त्याला ते एकटेपण शोभून दिसतं, असं मला वाटायचं. घाटाच्या पायऱ्यांवर एका घरातली माणसं दहाव्याच्या विधीला आली होती. एक जण खाली मान घालून बसला होता, न्हावी त्याची हजामत करत होता. मी बऱ्याच वरच्या पायरीवर बसलो होतो. तरी त्यांच्यातला एक उठून माझ्यापर्यंत चढत आला. डोळे सुजलेले.

"दादा," तो अगदी सौम्यपणे म्हणाला, "आमचं काढू नका."

"मी काढत नाही हो. नंबरचा चष्मा आहे."

"असंल. पण आमच्या बाईमाणसाला रडता येईना झालंय तुमी बसल्यापासून."

मी उठलो. भांडण केलं असतं तर बरं वाटलं असतं. पायऱ्या चढताना मागून बायकांचा आवाज सुरू झाला. मी वरच्या रस्त्याला लागेपर्यंत तो वाढतच गेला.

दुपारी जुन्या वस्तीतल्या एका हॉटेलात तहरी (मसाल्याचा पिवळा भात) खायला बसलो. शेजारच्या टेबलावरचे दोघं ताटं उचलून आत गेले. मग तिसराही. मालक गल्ला सोडून माझ्याकडं आला.

"भाई, खाना खाव, आराम से खाव. पन चष्मा निकालो ना."

"निकाला तो दिखता नहीं."

"मालूम है. पन लोगां उठ के जारे (लोक उठून चाललेत)." थोडा विचार करून त्यानं माझी खुर्चीच उचलून फिरवली. भिंतीकडं तोंड करून मी जेवलो. भिंतीवर हिरवा रंग होता, एका ठिकाणी पोपडा निघालेला. तहरी फार चांगली होती, हे मला नोंदवलंच पाहिजे. मालकानं वरून आणखी रस्सा वाढला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. तीन दिवसांत परक्या माणसाचा तेवढाच एक स्पर्श.

लातूरला जायला मामा आणि मी एसटीनं निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता. सोयाबीन निघून गेलेलं, काळी रानं मोकळी पडलेली, मध्येच तुरीचे पट्टे पिवळ्या फुलांनी भरलेले. हरभऱ्याची ओळ नुकती जमिनीच्या वर आलेली. एवढ्या मोकळ्या रानात लांबवर एखादंच माणूस दिसे आणि गाडी पुढं गेली तरी तिथंच उभं असे. आमचा बाक तिघांचा. बस माणसांनी भरली, मधल्या वाटेत लोक दाटीनं उभे राहिले, तरी आमच्या बाकावरची तिसरी जागा रिकामी ती रिकामीच.

कंडक्टरनं माझ्याकडं पाहून टोपी नीट केली. बिल्ला बाहीनं पुसला. मग प्रत्येक थांब्याचं नाव खणखणीत आवाजात पुकारू लागला. चाकूरच्या पुढं राहवलं नाही म्हणून खाली वाकून विचारलंच, "साहेब, तपासणी पथक का?"

"न्हाई," मामा म्हणाला. "पोरगी बघाया चाललो."

कंडक्टरनं माझ्या चष्म्याकडं आणखी एकदा पाहिलं. "असलं लावून?" म्हणाला आणि पुढं गेला. त्यानंतर त्यानं एकही थांबा पुकारला नाही.

मुलीचं घर लातूरच्या एका वसाहतीत होतं. दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात कढीपत्ता. वडिलांना सगळे अण्णा म्हणत. ते एसटीत ड्रायव्हर होते. आई नव्हती. घर अण्णांच्या बहिणीनं, म्हणजे मुलीच्या आत्यानं सांभाळलेलं. आत्याबाईंचा आवाज खोलीपेक्षा मोठा होता. आम्ही बसलो, पाणी झालं, प्रवासाची विचारपूस झाली. मग आत्याबाई म्हणाल्या, "पावणं, चष्म्याला ते भोक कशाचं हाय?"

मामाला वाटलं आता भाव वाढवायची वेळ आली. "क्यामेरा हाय त्याच्यात. कंपनीनं दिलाय. आख्ख्या कारखान्यात एकाला."

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"मंजी आमी सगळे त्याच्यात उतरून राहिलो का?"

"नाही आत्या, बंद आहे," मी म्हणालो.

"बंद हाय असंच म्हणत असत्यात समदे. मी रील बघते बाबा, मला नका शिकवू. आमी इथं पोरगी दाखवायची अन् ती समद्या पुण्याच्या फोनमधी फिरायची."

"राग मानू नका," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज खाली होता, गाडी हळू वळवावी तसा. "पोरीचा मामला हाय. चष्मा बाजूला ठिवता का जरा?"

मी मामाकडं पाहिलं. नंबरचा आहे, काढला तर मला काही दिसणार नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या आधी मामा बोलला.

"काढ की. शौकाचाच हाय तो. नंबर-बिंबर काही न्हाई."

आता मी खरं बोललो तर मामा खोटा पडणार होता, तोही सोयरीक करायला आलेल्या घरात. मी अण्णांना म्हणालो, "तुमच्या घरातल्या कुणाचंही चित्र माझ्या फोनमध्ये राहणार नाही. हा माझा शब्द." आणि चष्मा काढला. आत्याबाईंनी तो दोन बोटांत, विंचू धरावा तसा धरला, फ्रीजवर ठेवला आणि वरून स्टीलचं पातेलं पालथं घातलं. त्या ठणकन आवाजाबरोबर सगळं घर माझ्यापुढून नाहीसं झालं.

ज्यांना नंबर नाही त्यांना हे कसं सांगावं. माणसं असतात, पण त्यांना तोंड नसतं. अण्णा म्हणजे पांढरा शर्ट, वर तपकिरी गोळा. मामा म्हणजे खोकला. समोरच्या भिंतीवर उंचावर एक निळा डाग होता. ती निळ्या कोटातली तसबीर, ती मला चष्म्याविना, अंधारातही ओळखू येते. तिच्याकडं पाहून मी जरा ताठ बसलो.

मग आतून एक पिवळा रंग आला. हलका, हळदीसारखा. बांगड्यांचा नाही, घड्याळाच्या पट्ट्याचा बारीक आवाज. माझ्या हातात बशी आली. सुशीला होती (मुरमुरे भिजवून फोडणी दिलेला आमच्याकडचा पदार्थ). मी चमचा भरून तोंडात घातला तो आख्खी हिरवी मिरची चावली गेली. कानातून धूर निघायचा बाकी. मी गिळली.

"तिखट चालतं वाटतं तुम्हाला," पिवळा रंग म्हणाला. हाच तिचा आवाज. जरा जाडसर, कुणाला घाबरून न बोलणारा.

"चालतं," मी म्हणालो. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तसेही डोळे काही कामाचे नव्हते.

अण्णांनी नाव, शिक्षण सांगायला लावलं. नाव सुजाता. नर्सिंगचा कोर्स झालेला. "रेणापूरला दवाखान्यात आहे. रोज एसटीनं जाऊन येऊन करते," ती म्हणाली. मी माझी बी.एस्सी. सांगितली, पहिला वर्गही सांगितला. ती म्हणाली, "मग आमच्या अण्णांसारखंच. त्यांना बिगर-अपघाताचा बिल्ला मिळालाय, तो ते भाजीवाल्याला बी सांगतात." सगळे हसले. मीही हसलो, आणि पहिल्यांदाच त्या घरात मला बरं वाटलं.

"खोलीवर एकटेच असता?" तिनं विचारलं.

"हो."

"मग बोलता कुणाशी?"

याचं खरं उत्तर मी कुणाला दिलं नव्हतं. "कुकरशी," म्हणालो.

ती हसली. आत्याबाईंनी खाकरून दाखवलं तरी हसली. ते हसू मला दिसलं नाही, पण ते कुठून सुरू झालं आणि कुठं संपलं ते मी आजही सांगू शकतो.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "चष्म्यावाचून दिसतं ना तुम्हाला?"

मामा जोरात खोकला.

"दिसतं की," मी म्हणालो. "सगळं दिसतं."

"न्हाई, माझ्याकडं बघतच न्हाईत, म्हणून विचारलं."

मी मघापासून कढीपत्त्याच्या बाजूच्या खिडकीकडं पाहत होतो, तो पिवळेपणा उन्हाचा होता. आवाजाच्या रोखानं तोंड वळवलं आणि बराच वेळ तिकडंच धरून ठेवलं. ती माझ्याकडं पाहत असणार. मीही पाहतो आहे असं तिला वाटत असणार. दोघांनी एकमेकांना पाहण्याचा कार्यक्रम होता आणि पाहिलं फक्त तिनं.

निघताना आत्याबाईंनी पातेलं उचललं, चष्मा पदरानं पुसून दिला. मी तो घातला. अण्णांच्या गालावरची जुनी जखम दिसली. बशीच्या काठावरची निळी रेघ दिसली. आतल्या दाराचा पडदा हलत होता. ती नुकतीच आत गेली होती.

"कळवतो," अण्णा म्हणाले.

मामा त्याच संध्याकाळी नांदेडला परतला. "जमतंय बघ," तो एसटीच्या खिडकीतून म्हणाला, "पोरगी हसली म्हणजे जमतंय." माझी पुण्याची गाडी सकाळची होती, म्हणून मी लॉजवर राहिलो. संध्याकाळी गंजगोलाईत फिरलो. गोल बाजारपेठ, सगळीकडून रस्ते येऊन मिळतात, त्यामुळं माणूस चुकला तरी फिरून तिथंच येतो. शिकवण्यांना आलेल्या मुलींचा घोळका समोरून आला. माझ्या चष्म्याकडं पाहून एकीनं दुसरीला कोपर मारलं आणि सगळ्यांनी एकदम ओढण्या तोंडावर घेतल्या, पुढं जाऊन हसल्या. एक पेरूवाला म्हणाला, "काढा व्हिडिओ, आमची जायरात होईल." मी म्हणालो बंद आहे. तो खट्टू झाला. तो एकटाच असा निघाला ज्याला मी चालू हवा होतो, त्यालाही मी नाहीच म्हणालो.

तिथं मी एक युक्ती शिकलो. कुणी टक लावून पाहायला लागलं की आपणच तोंड फिरवायचं. समोरचा पदर ओढेल, पोरं हसतील, त्याआधी आपण दुसरीकडं पाहायचं. अपमान निम्म्यानं कमी होतो.

सकाळी स्टँडवर निलंगा राईस खाल्ला (हळदीचा मोकळा तिखट भात, आमच्याकडं तो न्याहारीला लागतो). या वेळी मिरच्या निवडून बाजूला ठेवल्या आणि ठेवताना हसू आलं. गाडीला वेळ होता. मनात आलं, तीन दिवस ज्याच्यापायी एवढं ऐकून घेतलं तो कॅमेरा आपण एकदाही लावला नाही. चाकणला रविवारी पाहायला काहीतरी असावं. मी काडीवरचं बटण दाबलं. भाताच्या कढईची वाफ, लाल गाड्या, पाटीवर गावांची नावं, कोवळं ऊन. मी सावकाश मान फिरवत होतो.

समोरच्या फलाटापाशी एक बाई उभी होती. निळा स्वेटर, खांद्याला डब्याची पिशवी, मनगटावर घड्याळ. ती माझ्याकडंच पाहत होती. दिवा लागलेला होता, तो तिला दिसत असणार. ती आता ओढणी ओढेल किंवा शेजारणीला कोपर मारेल. तिनं तसं काही केलं नाही, हसली. मी म्हटलं, झालं, ही पण. आणि तोंड फिरवून वेळापत्रकाच्या पाटीकडं पाहू लागलो. पाटी पुरती वाचून झाल्यावर परत पाहिलं तेव्हा ती तिथं नव्हती आणि त्या फलाटावरची गाडी स्टँडच्या बाहेर पडत होती. मागच्या काचेवर रेणापूर लिहिलेलं होतं. मी ते वाचलंसुद्धा. माझ्या डोक्यात काही आलं नाही.

पुण्याच्या गाडीत शेजारची जागा रिकामी होती. येडशीचा घाट, बार्शी, मग उसाच्या ट्रॉल्या. मी चांगल्या मनानं प्रवास केला. कुणी बोललं नाही याचं त्या दिवशी काही वाटलं नाही, मी मनातल्या मनात दोन माणसांचा स्वयंपाक करत होतो.

चाकणला खोलीचं कुलूप काढतो तोच मामाचा फोन.

"न्हाई म्हणले ते."

मी पिशवी खाली ठेवली. "का?"

"अण्णांना तू पसंत होता. पोरीलाच न्हाई. ती म्हणली, सकाळी लातूरच्या स्टँडवर समोरासमोर गाठ पडली. ती हसली. तू नीट बघितलं अन् तोंड फिरवलं. ती म्हणली, घरात एक अन् बाहेर एक, चार माणसांत ओळख दाखवायची लाज वाटणारा माणूस मला नको. काय केलंस रे हे?"

"मामा, ती मला माहीतच नव्हती. मला काल काही दिसलं नाही."

"कायच न्हाई?"

"हातभर अंतरावरचं तोंड दिसत नाही मला. उणे सहा म्हणजे तेवढं."

मामा वायरमन माणूस. लाईन तपासावी तसं त्यानं दोनदा हॅलो हॅलो केलं. मग म्हणाला, "हे मला तू कधी सांगितलं न्हाई."

"तुम्ही नंबरचा विषय काढू नको म्हणालात."

"आता सांगितलं तर लपवलं म्हणतील."

"म्हणू द्या. लपवलंच आहे. पण तोंड फिरवलं ते ओळख टाळायला नाही, एवढं तिला कळू द्या. लग्न नाही झालं तरी कळू द्या."

"बघतो," मामा म्हणाला. त्याचं 'बघतो' मला लहानपणापासून माहीत आहे. कधी होतं, कधी नाही.

फोन ठेवल्यावर मला स्टँडची आठवण झाली. फोनमध्ये ते सगळं उतरलं होतं. वाफ, लाल गाड्या, पाट्या. मग चित्र सावकाश सरकत फलाटापाशी येतं आणि थांबतं. ती उभी आहे. रुंद कपाळ, एक भुवई दुसरीपेक्षा जरा वर. आधी तिला खात्री नाही. मग ओळख पटते. तीन दिवस ज्या चष्म्याला पाहून लोकांनी मुलांची तोंडं झाकली, त्याच्या लागलेल्या दिव्याकडं सरळ पाहून ती हसते. ते हसू आदल्या दिवशी मी ऐकलं होतं तेच, मला आवाज लावायची गरज पडली नाही. आणि मग चित्र झटक्यानं फिरतं. पाटी येते. लातूर ते उदगीर, लातूर ते निलंगा, लातूर ते रेणापूर. ती पाटी कितीतरी वेळ हलत नाही.

मला तीन दिवस वाटत होतं की लोक माझ्यापासून तोंड फिरवतात. ते कसं दिसतं हे मला त्या चित्रात पहिल्यांदा कळलं, कारण तिथं फिरलेलं तोंड माझं होतं. गाडीतल्या त्या गृहस्थांच्या चिकटपट्टीच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं. आजही नाही. पण आता मला त्यांचा किंवा घाटावरच्या माणसाचा राग येत नाही. कोण आपल्याकडं कशासाठी पाहतं आहे हे कळत नाही तोवर माणूस तोंड झाकतो. मीही तेच केलं, तेही चुकीच्या माणसासमोर.

अण्णांना मी शब्द दिला होता. चित्र तसं घरातलं नव्हतं, स्टँडवरचं होतं, पण माणूस त्यांच्या घरातलं होतं. किती वेळा पाहिलं ते लिहीत नाही. मग पुसून टाकलं.

जुन्या फ्रेमसारखी तपकिरी फ्रेम मी इथं करून घेतली आहे. कंपनीचा चष्मा खोलीतल्या फडताळावर असतो. त्यावर मी काही पालथं घातलेलं नाही. मामाकडून अजून काही कळलेलं नाही. पण आता ती कुठल्याही स्टँडवर, कितीही गर्दीत समोर आली तरी मला ओळखू येईल. तिनं हसायला हवं असं नाही. नुसती उभी राहिली तरी पुरे, या वेळी आधी मी हसेन.